कॅलिफोर्नियातली स्टेट सुपरिंटेंडंटची निवडणूक: हे पद नेमकं काय करतं आणि मत कशावर द्यायचं?

फ्रीमाँटकर:
नमस्कार मंडळी. २ जून २०२६ च्या प्रायमरीत (नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीची पहिली फेरी) 'सुपरिंटेंडंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन' हे पद आहे. उमेदवार बरेच आहेत, पण कुणाच्याही नावापुढे पक्ष नाही. पत्रकं वाचली तर प्रत्येकजण वाचन सुधारणार, गणित सुधारणार, शिक्षकांचे पगार वाढवणार आणि वर्गही लहान करणार. आपल्याकडे शिक्षणमंत्री आमदारांतून येतो आणि शिक्षण आयुक्त सरकार नेमतं, त्यामुळे शिक्षणखात्याचा प्रमुख थेट लोकांनी निवडायचा हा प्रकार नवा वाटतो. मुलं पब्लिक स्कूलमध्ये आहेत. या माणसाच्या हातात खरोखर काय असतं? प्रायमरी सोडून थेट नोव्हेंबरमध्ये मत दिलं तर चालेल का? आणि इतक्या सारख्या आश्वासनांतून निवड कशी करायची?

राजपत्र:
पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पत्रकांतली अर्धी आश्वासनं आपोआप गळून पडतात.

हे पद राज्यघटनेतलं आहे. गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर दर चार वर्षांनी निवड होते आणि एका व्यक्तीला दोनच मुदती मिळतात. टोनी थर्मंड २०१८ आणि २०२२ मध्ये निवडून आले, म्हणून २०२६ मध्ये ते उभे राहू शकत नाहीत आणि जागा मोकळी आहे. इतकी गर्दी त्यामुळेच झाली आहे.

आता अधिकार. शाळांसाठी एकूण किती पैसा ठेवायचा हे गव्हर्नर आणि विधिमंडळ अर्थसंकल्पात ठरवतात. त्याची किमान पातळी १९८८ च्या प्रपोझिशन ९८ ने बांधलेली आहे, आणि डिस्ट्रिक्टांत (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) वाटप कोणत्या सूत्राने करायचं ते २०१३ च्या लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युल्याने ठरतं. अभ्यासक्रमाचे निकष आणि आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांची मान्यता स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे आहे. त्या बोर्डावर ११ सदस्य असतात, त्यातला एक विद्यार्थी, आणि नेमणूक गव्हर्नर करतात. शिक्षकाचा पगार, वर्गाचा आकार, शाळा कधी सुरू करायची, कोणती बंद करायची, हे तुमच्या डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं स्कूल बोर्ड ठरवतं, पगाराच्या बाबतीत युनियनशी वाटाघाट करून. शिक्षकांचे परवाने देणारं कमिशन वेगळंच आहे.

मग उरलं काय? सॅक्रामेंटोतला शिक्षण विभाग, म्हणजे सीडीई. सुपरिंटेंडंट या विभागाचा प्रमुख असतो. ठरलेला निधी डिस्ट्रिक्टांच्या खात्यात वेळेवर पोचवणं, केंद्राचा निधी वाटणं आणि त्याची तपासणी, राज्याच्या परीक्षा घेऊन निकाल जाहीर करणं, तक्रारींची चौकशी, कायदा मंजूर झाल्यावर शाळांना मार्गदर्शन काढणं, ही रोजची कामं. तुमच्या फ्रीमाँटमधली मूकबधिरांची आणि अंधांची राज्य शाळाही थेट या विभागाच्या अखत्यारीत आहे. शिवाय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या रीजंट्समध्ये आणि कॅल स्टेटच्या विश्वस्त मंडळात पदसिद्ध सदस्यत्व असतं.

बोर्ड आणि सुपरिंटेंडंट यांच्यात वरचढ कोण, हा वाद कोर्टात गेला होता. बिल होनिग सुपरिंटेंडंट असताना १९९३ मध्ये अपील कोर्टाने बोर्डाच्या बाजूने निकाल दिला: धोरण बोर्ड ठरवेल, सुपरिंटेंडंटने ते राबवायचं. म्हणून 'मी नवा अभ्यासक्रम आणीन' असं म्हणणाऱ्या उमेदवाराला पुढचा प्रश्न हाच विचारायचा, की बोर्ड गव्हर्नरने नेमलेलं असताना तुम्ही तो आणणार कसा?

पण हे पद शोभेचं आहे असा अर्थ काढू नका. कायदा झाला आणि मार्गदर्शन वर्षभर उशिरा निघालं, तर शाळेत तो कायदा वर्षभर उशिरा पोचतो. २०२५ मध्ये वाचन शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एबी १४५४ हा कायदा झाला. तिथेही साहित्य आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या याद्या तयार होण्याचं बरंचसं काम विभागातून जातं. ते किती चोख होतं यावर पहिली-दुसरीतल्या मुलांचं वाचन अवलंबून राहणार आहे.

बॅलटमित्र:
राजपत्र यांनी अधिकारांचं नेमकं लिहिलंय. मी मतदानाचं सांगतो. प्रायमरी सोडू नका, आणि या पदासाठी तर मुळीच नाही.

गव्हर्नर, असेंब्ली, सिनेट या पदांना टॉप-टू पद्धत आहे. जूनमध्ये कुणाला ६० टक्के मिळाले तरी पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये जातातच. सुपरिंटेंडंटचं पद अपक्षीय धरलेलं आहे, तिथे नियम वेगळा: जूनमध्ये कुणी ५० टक्क्यांच्या वर गेला की निवडणूक तिथेच संपली, नोव्हेंबरच्या बॅलटवर हे पद येतच नाही. २००६ मध्ये जॅक ओकॉनेल असेच जूनमध्ये निवडून आले. उमेदवार जास्त असले की मतं फुटतात आणि बहुधा नोव्हेंबरची फेरी होते. पण मग पहिल्या दोघांत येण्यासाठी लागणारी टक्केवारीही खाली येते आणि जूनमधल्या थोड्या मतांनी तुमचा पसंतीचा उमेदवार बाहेर जाऊ शकतो.

अपक्षीय म्हणजे बॅलटवर पक्ष छापत नाहीत, एवढंच. पक्ष पाठिंबा जाहीर करू शकतात आणि करतातही. तुमची नोंदणी 'नो पार्टी प्रेफरन्स' असली तरी या पदाचे सगळे उमेदवार तुम्हाला दिसतात. वेगळं बॅलट मागावं लागतं ते राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत, त्याची गल्लत इथे करू नका.

नावांचा क्रमही बघण्यासारखा आहे. निवडणूक कार्यालय अक्षरांची सोडत काढतं आणि राज्यव्यापी पदांसाठी ८० असेंब्ली मतदारसंघांत तो क्रम फिरवत नेतं. एका मतदारसंघात पहिलं असलेलं नाव पुढच्यात शेवटी जातं. त्यामुळे यादीत कोण वर आहे याला काही अर्थ नाही.

नावाखालच्या व्यवसायाच्या ओळीला मात्र अर्थ आहे. ती जास्तीत जास्त तीन शब्दांची असते (निवडून आलेलं पद असेल तर त्याचं पूर्ण नाव चालतं) आणि चालू किंवा मागच्या कॅलेंडर वर्षातलं मुख्य काम लिहावं लागतं. तिथे 'शिक्षक' दिसावं म्हणून उमेदवार धडपडतात, कारण पुष्कळ मतदार फक्त तेवढंच वाचतात. कायद्याने या पदासाठी शिक्षकाचा परवाना, बी. एड. सारखी पदवी किंवा शाळेतला अनुभव, काहीच सक्तीचं नाही. म्हणून ती ओळ वाचून थांबू नका, माणूस किती वर्षं कुठल्या शाळेत होता ते पाहा.

तारखा: ४ मेपर्यंत काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं प्रशासन) बॅलट टपालात टाकायला सुरुवात करते. नोंदणीची मुदत १८ मे. ती हुकली तरी मतदान केंद्रावर जाऊन ऐन मतदानाच्या दिवसापर्यंत सशर्त नोंदणी करून मत देता येतं. ते बॅलट नोंदणी तपासल्यावर मोजतात.

फ्रीमाँटकर:
खूप स्पष्ट झालं, धन्यवाद. एक उपप्रश्न. घरात आई-बाबाही आता मतदार आहेत. आईची सही मराठीत आहे. इंग्रजी बॅलट तिला वाचायला जड जातं. मी शेजारी बसून मदत केली तर चालतं का? आणि मित्रांपैकी ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा एच-वन आहे त्यांना यात काही करता येतं का?

निवडणूक_मदत:
मदत चालते. मतदार स्वतःच्या पसंतीच्या दोन व्यक्तींपर्यंत मदत घेऊ शकतो. फक्त त्या व्यक्ती त्याच्या मालकाच्या, कंपनीच्या किंवा युनियनच्या प्रतिनिधी नसाव्यात. मुलगा चालतो. तुम्ही वाचून दाखवा, अर्थ सांगा, पण गोल त्यांनी सांगितलेलाच भरा. राज्याची मतदार माहिती पुस्तिका मराठीत निघत नाही, हिंदीत निघते. आईंना देवनागरी वाचायला सोपं जात असेल तर हिंदी प्रत मागवून घ्या, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावरही असते. तिच्यात सुपरिंटेंडंटच्या उमेदवारांची निवेदनं असतात. ती २५० शब्दांपर्यंत असतात आणि शब्दाला २५ डॉलर उमेदवार मोजतो. खर्चाची मर्यादा मान्य केलेल्यालाच ती जागा विकत घेता येते, म्हणून एखाद्याचं निवेदन दिसलं नाही तर तो कमकुवत आहे असं समजू नका.

आता सही. टपाली मत अडकण्याच्या ठरावीक कारणांतलं हे एक, आणि आपल्या घरांत हमखास होणारं. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळवून पाहतात. डीएमव्हीमध्ये (वाहन परवाना कार्यालयात) किंवा नागरिकत्वाच्या वेळी कुणीतरी 'इंग्रजीत करा' म्हटलं म्हणून आईंनी थरथरत्या हाताने इंग्रजी अक्षरं काढली, आणि पाकिटावर सवयीने झोकात देवनागरी सही केली, तर दोन्ही जुळणार कशा? देवनागरी सही पूर्णपणे चालते, अट एवढीच की नोंदणीतही तीच हवी. तुम्हाला शंका असेल तर आत्ताच नोंदणी नव्याने भरा, कागदी अर्जावर नेहमीची सही करून. ऑनलाइन नोंदणीत डीएमव्हीकडची सही उचलली जाते, तेव्हा डीएमव्हीची सही वेगळी असेल तर कागदी अर्जच बरा. सही जुळली नाही म्हणून मत लगेच फेकत नाहीत. काउंटी पत्र पाठवते, त्यासोबतच्या कागदावर सही करून परत दिलं की मत मोजलं जातं. हे पत्र रद्दीत जाऊ देऊ नका. 'व्हेअर्स माय बॅलट' या सेवेत नाव घातलंत तर फोनवर निरोप येतो.

मुलाने आईच्या वतीने सही करायची नाही, मुखत्यारपत्र असलं तरी नाही. हात चालत नसेल तर त्यांनी खूण करावी आणि १८ वर्षांवरील एका व्यक्तीने साक्षीदार म्हणून सही करावी. आणि चार मतदारांचं घर असेल तर टेबलावर पाकिटांची अदलाबदल होते: बाबा आईच्या पाकिटावर सही करून मोकळे! प्रत्येकाचं छापील नाव मोठ्याने वाचून मगच पेन हातात द्या.

परतीच्या पाकिटाला तिकीट लागत नाही. सध्याच्या नियमाने मतदानाच्या दिवशीचा टपाल शिक्का आणि सात दिवसांत पोच एवढं पुरतं. पण संध्याकाळी पेटीत टाकलेल्या पाकिटावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसू शकतो. शेवटच्या आठवड्यात टपालाच्या नादी लागूच नका, काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका. तो मतदानाच्या दिवशी रात्री ८ ला बंद होतो.

ग्रीन कार्ड आणि एच-वनबद्दल फार काळजीने लिहितोय, कृपया नीट वाचा. दोघांनाही मत देता येत नाही आणि नोंदणीही करता येत नाही. डीएमव्हीच्या अर्जात नागरिकत्वाच्या प्रश्नावर घाईत 'हो' दिलं तर नोंदणी होऊन बसते, आणि त्याचा फटका पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर, प्रसंगी हद्दपारीपर्यंत बसू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना मत देता येतं हे खरं आहे, पण ते फक्त शहराच्या स्कूल बोर्डासाठी. नोंदणी स्वतंत्र असते आणि ती माहिती केंद्राच्या यंत्रणांच्या हाती लागू शकते असा इशारा शहरच देतं. सुपरिंटेंडंटसाठी ती सोय नाही. देणगीचं असं: ग्रीन कार्डवाले स्वतःच्या पैशातून देऊ शकतात. एच-वनवर असलेल्यांनी एक डॉलरही द्यायचा नाही, राज्याच्या निवडणुकीलाही केंद्राची तीच बंदी आहे. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणं, पत्रकं वाटणं दोघांनाही चालतं.

हिशेबनीस:
'मत कशावर द्यायचं' हा प्रश्न राहिला. आधी पैसा पाहा, तो उमेदवाराच्या घोषणांपेक्षा जास्त बोलतो.

२०१८ मध्ये थर्मंड विरुद्ध मार्शल टक या लढतीत दोन्ही बाजूंनी मिळून ५ कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला. एका बाजूला शिक्षक युनियन, दुसऱ्या बाजूला चार्टर शाळांचे (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या) समर्थक धनिक. जूनमध्ये टक पहिले होते. नोव्हेंबरमध्ये मतदानाच्या रात्रीही तेच पुढे होते, आणि उशिरा आलेली टपाली मतं मोजत गेल्यावर थर्मंड दोन टक्क्यांहून कमी फरकाने जिंकले. (रात्रीचा आकडा पाहून निकाल लागला असं धरायचं नाही, ते यासाठी.) आणि चार्टर शाळा मंजूर करतं कोण? मुख्यतः डिस्ट्रिक्ट. २०१९ च्या एबी १५०५ ने डिस्ट्रिक्टांचा अधिकार आणखी वाढवला आणि राज्य बोर्डाची भूमिका आखडली. सुपरिंटेंडंट चार्टर मंजूर करत नाही. तरी एवढा पैसा ओतला जातो, कारण या पदाला राज्यभर व्यासपीठ मिळतं आणि पुढच्या राजकारणाचा रस्ता इथून जातो.

पैसा शोधायला सेक्रेटरी ऑफ स्टेटचं 'कॅल-अ‍ॅक्सेस' वापरा. उमेदवाराच्या समितीचा नियमित हिशेब फॉर्म ४६० मध्ये असतो. मोठी रक्कम बहुतेकदा त्या समितीत नसतेच, ती बाहेरच्या स्वतंत्र समित्यांत असते. शेवटच्या ९० दिवसांत अशा समितीने १००० डॉलर किंवा जास्त खर्च केला की २४ तासांत फॉर्म ४९६ भरावा लागतो. उमेदवाराच्या नावाने ४९६ शोधा, समर्थनात कुणी आणि विरोधात कुणी किती घातले ते ओळीने दिसतं. समितीचं नाव 'मुलांसाठी पालक आणि शिक्षक' असलं म्हणून त्यात पालक असतीलच असं नाही, जाहिरातीच्या तळाशी छापलेले तीन मोठे देणगीदार वाचा.

टपालात चकचकीत 'मतदार मार्गदर्शक' कार्डं येतात, अगदी सरकारी वाटावीत अशी. त्यात ज्या नावापुढे चांदणी असते त्याने जागेचे पैसे भरलेले असतात. चांदणी दिसली की ती शिफारस नाही, जाहिरात आहे. ज्येष्ठ मंडळी ही कार्डं समोर ठेवून बॅलट भरतात, त्यांना ही चांदणी एकदा बोट ठेवून दाखवा.

मग उमेदवारांना, सभेत किंवा ईमेलने, कामाचे प्रश्न विचारा. स्पेशल एज्युकेशनची तक्रार पालक थेट सीडीईकडे करू शकतात. घटना वर्षभरातली असावी लागते आणि निर्णय ६० दिवसांत द्यायचा असतो. हे पाळण्यासाठी तपासनीस किती वाढवणार? बाकी बऱ्याच तक्रारी, उदाहरणार्थ शाळेने बेकायदा फी घेतली, आधी डिस्ट्रिक्टकडे जातात. त्यांनी ६० दिवसांत उत्तर द्यायचं, पटलं नाही तर ३० दिवसांत सीडीईकडे अपील. डिस्ट्रिक्टने निर्णय पाळला नाही तर विभाग काय करणार? दिवाळखोरीच्या काठावरच्या डिस्ट्रिक्टांबद्दल काय धोरण? १९९१ मध्ये रिचमंडच्या डिस्ट्रिक्टचे पैसे संपले आणि शाळा सहा आठवडे आधी बंद करायची वेळ आली, त्या प्रकरणात राज्य सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी राज्याची ठरवली आणि सुपरिंटेंडंटने कारभार हाती घेण्याला मान्यता दिली. २०१८ च्या एबी १८४० नंतर अशा वेळी काउंटी सुपरिंटेंडंटची भूमिका मोठी झाली आहे. ज्या उमेदवाराला हा फरक सांगता येतो त्याने घरचा अभ्यास केलेला आहे.

माझं मत विचाराल तर, आमदारकीची भाषणं करणाऱ्यापेक्षा मोठं खातं चालवलेला, हिशेब कळणारा माणूस इथे जास्त उपयोगी. राजपत्र याला सहमत होतील की नाही, माहीत नाही.

राजपत्र:
अर्धा सहमत. खातं चालवणं हवंच, पण विधिमंडळात ओळख नसलेला सुपरिंटेंडंट विभागासाठी माणसं आणि पैसा मागायला गेला तर हात हलवत परत येतो. त्याच्या विभागाचा अर्थसंकल्पही विधिमंडळच मंजूर करतं. दोन्ही असलेला उमेदवार विरळा, म्हणून कोणती उणीव चालवून घ्यायची ते आपण ठरवायचं.

आणखी एक. जानेवारी २०२६ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी विभागाचा कारभार राज्य बोर्डाच्या देखरेखीखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. निवडून दिलेलं पद घटनेत असल्याने ते रद्द करायला मतदारांचीच मंजुरी लागेल. पण विभाग कुणाच्या हाताखाली असावा यावर उमेदवाराची भूमिका काय, हा यंदाचा सगळ्यात टोकदार प्रश्न आहे.

सिअ‍ॅटलकर:
इतर राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. असं पद १२ राज्यांत निवडून देतात. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, विस्कॉन्सिन आणि नॉर्थ डकोटा इथे अपक्षीय. अ‍ॅरिझोना, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना वगैरे उरलेल्या आठ राज्यांत पक्षाच्या नावावर. टेक्सास, न्यू जर्सीच्या मंडळींना हे बॅलटवर दिसणार नाही, तिथे नेमणूक होते. आमच्याकडे वॉशिंग्टनमध्ये ही निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या वर्षात येते आणि मुदतींवर मर्यादा नाही, क्रिस रेकडाल २०२४ मध्ये तिसऱ्यांदा आले. विस्कॉन्सिनमध्ये ती विषम वर्षी एप्रिलमध्ये येते (मागची १ एप्रिल २०२५), तेव्हा नोव्हेंबरची वाट पाहणारा मतदार हुकतो. आणि तिथे राज्य शिक्षण मंडळच नाही, त्यामुळे सुपरिंटेंडंटचं वजन कॅलिफोर्नियापेक्षा कितीतरी जास्त.

शाळेतली_ताई:
मराठी शाळा चालवणाऱ्यांसाठी यात एक थेट धागा आहे. बारावी होणाऱ्या मुलांच्या डिप्लोमावर लागणारा 'स्टेट सील ऑफ बायलिटरसी' (दोन भाषा येत असल्याची मोहोर) सुपरिंटेंडंटच्या विभागाकडून येतो. कॅलिफोर्नियाने तो कायदा २०११ मध्ये सगळ्यात आधी केला. मराठीलाही तो मिळू शकतो. मराठीची एपी (हायस्कूलमध्ये देता येणारी कॉलेजच्या पातळीची) परीक्षा नाही, म्हणून मूल डिस्ट्रिक्टने मान्य केलेल्या परीक्षेतून बोलणं, वाचणं आणि लिहिणं सिद्ध करतं. ती परीक्षा हायस्कूलच्या चार वर्षांच्या अभ्यासाच्या तोडीची आहे, असं डिस्ट्रिक्टने कळवायचं असतं. घोडं अडतं ते इथेच: सहभाग डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर आहे, आणि मागणी बारावीच्या वसंतात पोचली तर परीक्षा लावायला वेळ उरत नाही. दहावी-अकरावीतच काउन्सेलरला लेखी विचारा. उमेदवारांना विचारायचा प्रश्न: कमी बोलल्या जाणाऱ्या भाषांसाठी मान्य परीक्षांची एक राज्यव्यापी यादी काढाल का? आज प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये पालकांना शून्यापासून सुरुवात करावी लागते.

बॅलटमित्र:
फ्रीमाँटकर, बॅलट हातात आल्यावर हे पद सापडायला वेळ लागेल. पक्ष छापलेली सगळी पदं संपल्यावर, अपक्षीय भागात 'स्कूल' या मथळ्याखाली पाहा. तिथवर येता येता बरेच लोक कंटाळून जागा कोरी सोडतात. कोरी जागा सोडल्याने बाकीची मतं बाद होत नाहीत, आणि चुकून दोन गोल भरले तर फक्त या पदाचं मत बाद होतं. तसं झालंच तर खाडाखोड न करता काउंटीकडून बदली बॅलट घ्या.

तुम्ही अलामीडा काउंटीत आहात, तेव्हा त्याच मथळ्याखाली काउंटी सुपरिंटेंडंटचंही पद असेल. ते दुसरं पद आहे, मत स्वतंत्र द्यायचं. फ्रीमाँटच्या डिस्ट्रिक्टचा अर्थसंकल्प मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार त्या काउंटी सुपरिंटेंडंटकडे असतो. पलीकडे सँटा क्लारा काउंटीत हे पद नेमणुकीने भरतात, म्हणून सनीव्हेल-कूपर्टिनोच्या मंडळींना ते बॅलटवर दिसणार नाही. त्यांनी शोधत बसू नये.